मुठीतला कांदा
कच्च्या कांद्याचा उग्र वास आला, की मी पुन्हा लालबागच्या त्या खोलीत जाऊन पोचते. संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता, ट्राम बंद होत्या आणि मी नर्सची पांढरी साडी नेसून फोर्टात मुलाखतीला पायीच निघाले होते. आफ्रिकेतल्या एका मदत-दवाखान्याला परिचारिका हव्या होत्या. अचानक गोळीबार सुरू झाला, अश्रुधुरानं डोळ्यांची आग आग झाली आणि मी दिसेल त्या चाळीत शिरले. एका अनोळखी बाईनं मला आत ओढून कडी घातली. "खंय चललंस गो अशी? गोळी लागात!" म्हणत तिनं धुरावर उतारा म्हणून कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला. बाहेर बूट धावत होते. मी तिच्या हातातला अर्धा कांदा घेऊन हुंगत राहिले. सगळं निवल्यावर तिनं मला मागच्या गल्लीनं बाहेर काढलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "तिकडेही दंगे आहेत. भीती नाही वाटत?" घरून 'नाही' असं पाठ करून आले होते, पण तोंडातून निघालं, "वाटते." तेव्हा कळलं, अर्धा कांदा अजून माझ्या मुठीत होता. नोकरी मिळाली. भीती काही गेली नाही. आजही दारावर अवेळी थाप पडली, की कडी काढण्याआधी माझा हात कांद्याच्या टोपलीत जातो.