ब्याण्णव टक्क्यांचा किरण

लातूरच्या एका खासगी कॅन्सर हॉस्पिटलात मी भौतिकतज्ज्ञ म्हणून लागले, तेव्हा मेंदूतल्या बारक्या गाठींवर किरण सोडायचं नवं मशीन बसत होतं. त्यातला सगळ्यात बारीक किरण तुरीच्या दाण्याएवढा. तो पाण्याच्या टाकीत मोजून, बरोबर आहे असं लिहून देणं माझं काम. मालक डॉक्टरांचे, म्हणजे आमच्या सरांचे, 'नीट' परीक्षेचे क्लासही जोरात चालायचे. मी टाकीत पाणी भरायच्या आधीच उद्घाटनाची होर्डिंगं चौकाचौकात लागली होती.

पहिली मोजणी कंपनीच्या आकड्याच्या ब्याण्णव टक्के आली. मी ती सरांना दाखवली.

"ब्याण्णव? मग अडलंय कुठं? डिस्टिंक्शन हाय की."

"सर, किरण कमी नाही. आपला मोजायचा डिटेक्टरच किरणापेक्षा मोठा आहे, म्हणून कमी दिसतंय. हाच आकडा कॉम्प्युटरला दिला, तर तो मशीन जास्त वेळ चालवेल. पेशंटच्या मेंदूला जादा डोस बसेल."

सरांनी थोडा विचार केला. "मग आठ मार्क ग्रेस देऊन टाका, मॅडम."

मी दिले नाहीत. हैदराबादच्या मैत्रिणीकडून मोहरीएवढा डिटेक्टर मागवला. तो येईपर्यंत उद्घाटन उरकलं. पाहुण्यांनी बटण दाबलं, खोलीतला दिवा लागला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मशीन बंदच होतं, हे मला आणि टेक्निशियनला ठाऊक.

नव्या डिटेक्टरवर एकशे तीन आले. सर खूश झाले. मी तक्त्यात बघून त्यातून साडेतीन वजा केले.

"हे काय करायलात?"

"इतक्या बारीक किरणात हा डिटेक्टर थोडं जास्त दाखवतो. किती जास्त, ते छापलेलं आहे."

"कमी पडले तर वाढवत न्हाई, जास्त पडले तर कापता. आमच्या क्लासला पेपर तपासायला येऊ नका तुम्ही."

मग किरण पडला की काळी पडणाऱ्या फिल्मवरही मोजलं. तेच उत्तर आलं, तेव्हा मी सही केली.

पहिले पेशंट जळकोटकडचे निवृत्त गुरुजी. त्यांचं घर भूकंपात पडलं होतं. तेव्हापासून ते पत्र्याखालीच झोपायचे. टेबलावर आडवे झाले आणि वर बघत म्हणाले, "बाई, हा स्लॅब किती जाड?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण खरं तेच सांगितलं. "सात फूट, गुरुजी. किरण बाहेर जाऊ नये म्हणून."

"सात फूट," ते पुटपुटले. डोकं टेबलाला अडकवलेल्या जाळीच्या मास्कमध्ये आवळलेलं, हलायची सोय नाही. "आणि किरण केवढा?"

"तुरीच्या दाण्याएवढा."

"मोजलाय ना नीट?"

"तीन वेळा."

त्यांनी डोळे मिटले. बाहेर येऊन मी बटण दाबलं, आणि पुढची वीस मिनिटं पडद्यावर गुरुजींच्या छातीचं संथ वर-खाली होणं बघत बसले. ते तसूभरही हलले नाहीत.