पेटीला हीच बसेल

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावात राहायची, शाळेत शिकवायची आणि बारसं, हळदीकुंकू, भजन असं जिथं बोलावतील तिथं पेटी वाजवायची. पाकीट मिळायचं, कौतुकही व्हायचं. गाणारी चुकली की आम्ही थांबायचो, हसायचो आणि पुन्हा सुरू करायचो.

एका रविवारी सकाळी आमच्या चाळीतले तबलजी दारात आले. लालबागला गिरणी कामगारांसाठी दुपारी त्यांच्या मंडळीचं संगीत नाटक होतं आणि त्यांचे पेटीवाले आदल्या दिवशी मोर्चात पकडले गेले होते. नाटकातली पदं मला पाठ होती. बस बंद होत्या म्हणून आम्ही चालतच निघालो.

नायिकेचं काम करणाऱ्या बाई रंगपटात गरम पाणी पीत बसल्या होत्या. आवाज बसला होता. नेहमीची काळी पाचची पट्टी आज झेपणार नाही, खाली उतरून पांढरी पाचमध्ये गाईन, असं त्यांनी सांगितलं. पट्टी उतरली की पेटीवर बोटांची सगळी वाट बदलते, आणि मी ही पदं वाजवली होती ती एकाच पट्टीत.

"मला सवय नाही हो," मी म्हटलं.

"सवय मलाही नाही. पण लोक येऊन बसलेत."

पडदा उघडेपर्यंत मी कोपऱ्यात पदं घोटत राहिले. पहिली दोन बरी गेली. तिसऱ्यात अंतऱ्यावर बाईंना खोकला आला आणि ओळच निसटली. एरवी अशी मोकळी जागा मिळाली असती तर मी हौसेनं ताना घेतल्या असत्या. तेव्हा फक्त पुढच्या ओळीची चाल वाजवली, साधी, शब्द आठवावेत अशी. तबलजींनी ठेका धरून ठेवला. मी पुन्हा तेच वाजवलं. बाईंनी श्वास घेतला आणि नेमक्या जागी ओळ उचलली.

समोरच्यांना काही कळलंच नाही. त्यांनी वन्स मोअर मागितला. आम्ही तो दिला, आणि पहिल्यापेक्षा जास्त रंगवून दिला.

नाटक संपल्यावर बाई कौतुक करतील असं वाटलं होतं. त्या तबलजींना म्हणाल्या, "पुढच्या रविवारी दादरला प्रयोग आहे. पेटीला हीच बसेल."

मी बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही बसले. पेटीवाले सुटून आले तेव्हा बाईंनी त्यांना ऑर्गन वाजवायला दिला आणि पेटी माझ्याकडेच ठेवली.