तोफेच्या खिडकीची झडप

आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात शस्त्र म्हणावं असं एकच होतं, तेही खेळण्याएवढं. जुन्या चिलखती युद्धनौकेच्या एका बाजूचं लाकडी मॉडेल: पत्रा ठोकलेली भिंत, तिच्यात तोफेसाठी ठेवलेली खिडकी आणि आत वीतभर पितळी तोफ. बाबा इतिहासाचे मास्तर. मलकपेठच्या भंगारवाल्याकडून त्यांनी ते उचलून आणलं, तेव्हा आई म्हणाली होती, "आता हेच वाढते ताटात."

बाबांना त्या खिडकीचं भारी कौतुक. तोफ मागून फिरायची, पण तिचं तोंड जागच्या जागी राहायचं, म्हणून खिडकी अगदी लहान पुरायची. "शत्रूचा गोळा आत शिरायला जागाच ठेवायची नाही," हे ते येईल त्या पाहुण्याला सांगत, पाहुणा परेशान होईपर्यंत. खंडेनवमीला लोक अवजारं पुजतात, आमच्याकडे पाटावर ही तोफ. हळदीकुंकू मी वाहायची. "माझ्यामागं हे पोरीचं," बाबा दादासमोर म्हणाले होते, आणि दादाने "हौ बाबा" म्हणून मान डोलावली होती.

बाबा गेले आणि दादा ते दुरुस्तीला म्हणून पुण्याला, त्याच्या घरी घेऊन गेला. खिडकीची पितळी झडप तेवढी निखळून बाबांच्या चष्म्याच्या डबीत राहिली होती. मग त्याचा फोन आला, "वाळवी लागली गं. भुसा झाला सगळा. टाकून दिलं." मी ढसाढसा रडले. वर त्यालाच धीर दिला, "जाऊ दे रे, तू तरी काय करणार!" मूर्ख मी! तेव्हापासून खंडेनवमीला पाटावर ती एवढीशी झडपच मांडत आले.

यंदा वहिनीने व्हिडिओ कॉल केला. तिला बिचारीला काही ठाऊक नसावं. "बघा, तुमच्याकडची पद्धत मोडली नाही हो आम्ही. दरवर्षी मांडतो," म्हणत तिने फोन पाटाकडे वळवला. तीच तोफ. लखलखीत पॉलिश, तोंडाला ताजं कुंकू आणि झडपेविना उघडी खिडकी.

दरवर्षी! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. माझ्याशी खोटं बोलायचं आणि वर पूजाही करायची? परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा तर सख्खा भाऊ.

"दादाला द्या," मी म्हणाले.

तो आला, खाकरला. "अगं, सांगणारच होतो. तुझ्याकडे धूळ खात पडलं असतं. इथं चार लोक बघतात तरी." मी गप्प. मी गप्प बसले की विरघळले, असं त्याला लहानपणापासून वाटतं. तो सैलावला. "ती झडप आहे ना गं तुझ्याकडे? खिडकी अगदी बोडकी दिसते. कुरिअर करशील?"

झडप माझ्यासमोरच पाटावर होती, झेंडूच्या पाकळ्यांत. मी ती उचलून मुठीत घट्ट धरली.

"नाही रे दादा," मी म्हणाले, "तिलाही वाळवी लागली."