बाभळीची कुबडी

शेजारी सुतारकाम चाललंय. बाभळीच्या भुशाचा वास आला आणि मी चिंचवडच्या शाळेत, चौथीच्या वर्गात पोचले.

पोलिओने माझा पाय अधू झाला होता, म्हणून वडिलांनी मला कुबडी करून दिली होती. तिची ठकठक गुरुजींना खपत नसे. एकदा त्यांनी ती हिसकावून खिडकीबाहेर फेकली. माझी मैत्रीण सखू धावत जाऊन घेऊन आली.

“आण इकडे,” गुरुजी म्हणाले.

“तिची हाय. मी न्हाई देनार.”

गुरुजींनी तीच कुबडी ओढून घेतली आणि मोडेपर्यंत सखूच्या पाठीवर हाणली. तिचं पोलकं रक्ताने भिजलं. मी रडले, पण माझ्या कुबडीसाठी.

वडिलांनी आठवड्यात नवी कुबडी केली. सखूला घरच्यांनी पुन्हा शाळेत पाठवलं नाही. मी शिकले, मास्तरीण झाले. तिची पाठ बरी झाली का, हे विचारायला मात्र कधीच गेले नाही.