प्रार्थनेचा विषय

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आमच्या नागपूरच्या ख्रिस्ती मंडळीत ईस्टरआधीचा उपवासकाळ आला की बायका काही ना काही सोडायच्या. कोणी मटण, कोणी चहा. त्या वर्षी पाळकसाहेब उपदेशात म्हणाले, पोटाबरोबर जिभेचाही उपास करा. मी देवळाबाहेर पडताच मोठ्याने जाहीर केलं, "आपण तर यंदा चहा नाही, चहाडी सोडली!" सगळ्या हसल्या. माझ्या तोंडाची कीर्ती साऱ्यांना ठाऊक होती.

तीन आठवडे मी खरंच तोंड आवरलं. नळावर कोणाचा विषय निघाला की घागर उचलून चालू लागायची. मनाला फार बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं, हे आता कळतं.

चौथ्या आठवड्यात शेजारची मैत्रीण माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. तिची लेक महिनाभर माहेरी होती. हवापालटाला आली, असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

"हवापालट नाही वं," ती म्हणाली. "नवरा मारते तिले. निघून आली. तू आता कोणाजवळ बोलत नाहीस, म्हणून तुलेच सांगून राहिली."

शुक्रवारी बायकांची प्रार्थनासभा माझ्याच घरी होती. आधी प्रत्येकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा, अशी रीत. माझी पाळी आली. ती गोष्ट चार दिवस माझ्या पोटात ठरत नव्हती. मी आवाज खाली आणून म्हटलं, "नाव घेत नाही, पण एका भगिनीची मुलगी हवापालटाला आली आहे ना, ती नवऱ्याच्या माराला कंटाळून आली आहे. तिच्यासाठी प्रार्थना करू या." हवापालटाला आलेली मुलगी अख्ख्या मंडळीत एकच होती. ही चहाडीच आहे असं मनात आलं होतं. पण मी डोळे मिटून घेतले.

प्रार्थनाही मीच चालवली. तिचा मार, तिचं रडणं, सगळं देवाला तपशीलवार सांगितलं, जणू त्याला ठाऊकच नव्हतं. 'आमेन' म्हणून डोळे उघडले तर मैत्रीण दारात उभी. हातात भावाच्या नरखेडच्या मळ्यातल्या संत्र्यांची पिशवी. तिने प्रत्येकीच्या हातात एकेक संत्रं ठेवलं. माझ्याही ठेवलं, माझ्याकडे न पाहता. मला इतकी लाज वाटली की ते मी पदराखाली लपवलं.

आठवडाभर मी माफीचे शब्द जुळवत होते. दोनदा तिच्या फाटकापर्यंत जाऊन परतले. एरवी नको तिथे चालणारं तोंड तेव्हा उघडेना.

पुढच्या शुक्रवारी ती सभेला आली, नेहमीच्या जागी बसली. तिची पाळी आल्यावर पाळकसाहेबांच्या पत्नींनी हळूच विचारलं, "बाई, तुमचा काही विषय?"

"नाही जी," ती म्हणाली. "एकच होता. तो सांगून झाला."