अर्जातला आजार
हिंदमाताला रसवंतीपुढून जाताना उसाचा वास आला, की मुलांनो, मला लालबागची आमची चाळ आठवते. तुमच्या आईच्या जन्मानंतर माझं मन खचलं आणि वर्षभर मानसोपचार घ्यावे लागले. सासूबाईंनी चाळीत सांगितलं, ‘सुनेला कावीळ झालीय’, म्हणून शेजारणी रोज उसाचा रस आणून देत. पुढे शाळेतल्या नोकरीच्या अर्जात ‘पूर्वीचे आजार’ असा रकाना आला. ‘कावीळच लिहू ना?’ मी विचारलं. ‘चाळीचं मी निभावलं गो,’ त्या म्हणाल्या, ‘पण हय अर्जाखाली सही तुझी. खरा काय ता लिही.’ मी लिहिलं, आणि त्या शाळेने नकार कळवला. संध्याकाळी सासूबाईंनीच रसाचा पेला पुढे केला, ‘घे, कावीळ नसताना कसो लागता बघ!’ दुसऱ्या शाळेच्या अर्जातही मी तेच लिहिलं, आणि तिथेच निवृत्तीपर्यंत शिकवलं. अजूनही रसाचा पहिला घोट मी त्यांच्या नावाने घेते.