नाव पुसलेली बाटली

“कोणी पाहिलं का, तेवढं सांगा!” कोबीच्या पानापानांत लाल मसाला चोळत ग्युम-रानने तिसऱ्यांदा विचारलं.

“नाही म्हटलं ना. शुक्रवारी मी एकटाच होतो.”

“मग झालं तर! बोरामचे बाबा, दोन वर्षांत निवृत्त व्हाल. गप्प बसायला काय होतंय?”

तिचा नवरा दोक-सू कोबीची पानं उलगडत राहिला. कोरियातल्या ओचांगच्या बॅटरी कारखान्याच्या प्रयोगशाळेत बॅटरीतला द्रव बनवण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. हा द्रव पेट्रोलसारखा पेट घेतो. नऊ वर्षांपूर्वी चाचणीच्या खोलीत त्याच्या सोबत्याचा चेहरा भाजला, तेव्हापासून न पेटणाऱ्या द्रवाने त्याला झपाटलं होतं. तसा द्रव बनतही होता, पण तो घातलेली बॅटरी दोनशे वेळा चार्ज केली की मरायची. एकदाच, दोन वर्षांपूर्वी, एका बाटलीतल्या द्रवावरच्या बॅटऱ्या हजारावर गेल्या. दोक-सूचा फोटो कंपनीच्या दालनात लागला. बॅटऱ्या मोजक्याच होत्या, म्हणून खिळा ठोकायची चाचणी दुसऱ्या बाटलीतल्या द्रवावर केली. ती बॅटरी पेटली नाही. कागदावर मात्र दोन्ही गुण एकाच द्रवाचे म्हणून नोंदले गेले.

पुन्हा काही ते हजार आले नाहीत.

शुक्रवारी कपाटात त्या हजारवाल्यांतली एक बॅटरी सापडली. त्याने तिला खिळा ठोकला, आणि भडका उडाला. ज्वाळेकडे बघता बघता त्याला सगळं आठवलं. बॅटऱ्या भरायच्या हवाबंद पेटीत नेण्याआधी प्रत्येक बाटली स्पिरिटने पुसतात, आणि त्या पुसण्यात पेनाने लिहिलेलं नाव जातं. नाव गेलेली एक बाटली त्याने त्या हजारवाल्या बॅटऱ्या भरताना अंदाजानेच उचलली होती. तिच्यात जुनाच, पेटणारा द्रव होता; तो हजार वेळा टिकतोच.

“अंदाजाने मी मीठ घालते रे,” टोपलीतला मुळा किसत दोक-सूची आई म्हणाली. “तुला अंदाजाने बाटली उचलायला कुणी सांगितलं होतं?”

“आई, तुम्ही तरी त्यांना समजवा! मावशीकडे, चुलत्यांकडे, सगळीकडे तो फोटो दाखवलाय मी. आता काय सांगू, चुकून लागला म्हणून?”

“तिथं सहा पोरं ते हजार शोधतायत,” दोक-सू म्हणाला. “एकाने त्यापायी लग्न दोनदा पुढं ढकललं.”

“शोधू देत की! सापडेल काहीतरी.”

“नाही सापडणार. ते नव्हतंच कधी.”

ग्युम-रानचे हात थांबले. “म्हणजे नऊ वर्षं वाया...”

“हो.”

आईचा किसण्याचा आवाजही थांबला. दोक-सूने हातमोजे काढून परातीच्या कडेला ठेवले.

“सोमवारी सगळ्यांसमोर सांगणार आहे,” तो म्हणाला. “आणि राजीनामा देणार आहे.”